चिचटेकडीचा बैल

१६ जून १९८०, सोमवार

आजपासून दैनंदिनी. सकाळी दत्तोपंत साहेबांनी खोलीत बोलावून चिचटेकडीचं केंद्र माझ्याकडे सोपवलं, तेव्हाच ठरवलं की या कामाची हकीकत सरकारी वहीत मावणार नाही. पुढेमागे एखाद्या तरुण अधिकाऱ्याला उपयोगी पडेल.

त्याच्यासाठी थोडक्यात लिहितो. कन्हान नदीच्या वरच्या अंगाला आमच्या पूरसूचना विभागाचा माणूस पाणी मोजतो. त्याचा बिनतारी निरोप मधल्या डोंगरांमुळे सरळ नागपूरला पोचत नाही, म्हणून खाप्याच्या पुढे चिचटेकडीवर मनोरा आहे. तिथलं यंत्र निरोप झेलतं आणि पुढे धाडतं. यंत्राला वीज लागते. वीज गेली की बॅटऱ्या सहा तास दम धरतात. तेवढ्यात डिझेलचं इंजिन सुरू झालं नाही, तर मनोरा मुका.

साहेब म्हणाले, "धकाते, वीज जाणं आपल्या हातात नाही. मनोरा बंद पडणं आहे. गेल्या वर्षी दोनदा बंद पडला. दोन्ही खंड टाळता आले असते."

"यंदा एकही होणार नाही," मी म्हणालो. "मी जातीनं लक्ष घालतो."

घरी सक्करदऱ्याला येऊन हे बापूजींना सांगितलं. बापूजींची हयात हातमागावर गेली. ते म्हणाले, "जास्त लक्ष नको घालू वामन. मालक मागापाशी येऊन उभा राहाचा ना, त्या दिवशी दोन धागे जास्त तुटत." माग आणि बिनतारी यंत्र यांत फरक आहे, हे त्यांना या वयात काय समजावणार?

१९ जून, गुरुवार

पहिली तपासणी. खाप्यापासून सात मैल कच्चा रस्ता, मग घाट. भैयाजी ड्रायव्हरनं जीप एका दमात वर नेली.

वर एकच माणूस: रुपराव गमे. ऑपरेटर तोच, शिपाई तोच, चौकीदारही तोच. नऊ वर्षं रोजंदारीवर आहे. बायको सुभद्रा आणि तो तिथल्याच दोन खोल्यांत राहतात. दसऱ्याच्या सुमारास कायम करायच्या लोकांची यादी वर जाणार आहे. त्यात त्याचं नाव आहे, शेरा माझा लागणार.

नोंदवही पाहिली. संध्याकाळच्या सहाचे आकडे दुपारी बारालाच भरलेले! मी विचारलं, "हे काय?"

"साहेब, सहाले तेच राह्यते."

मी मुद्दाम सहापर्यंत थांबलो. तेच आकडे आले. तरी त्याला कडक समज दिली. मागच्यापुढच्या तारखा घालणारी माणसं मला खपत नाहीत.

निघताना भैयाजी दिसेना. रुपराव म्हणाला, "आणखी अर्धा कप चहा घ्या न साहेब." तेवढ्यात इंजिनखोलीच्या मागून भैयाजी डबा घेऊन आला. "पाणी टाकलं गाडीत. तापली होती." सहा तास उभी राहूनही तापलेलीच. जुनी गाडी, चालायचंच.

२३ जून, सोमवार

मनोरा तीन तास बंद! शनिवारी दिवसभर वीज नव्हती, बॅटऱ्या संपल्या आणि इंजिन चालू झालं नाही. मी जाऊन आल्याच्या तिसऱ्या दिवशी हे व्हावं, म्हणजे समज दिलेली कानाआड झाली. आता पंधरा दिवसांतून एकदा नाही, दर आठवड्याला जायचं.

अडचण एकच. डिझेलची टंचाई आहे, पंपावर रांगा आहेत. जीपला महिन्याला दोन फेऱ्यांपुरतंच मिळतं. भैयाजीला म्हटलं, "कसं रे जमायचं?" तो म्हणाला, "तुमी चिंता नका करू साहेब. मी उतारावर इंजन बंद करून आणतो." अशी माणसं खात्यात हवीत.

८ जुलै, मंगळवार

चार फेऱ्या झाल्या. भैयाजी खरोखर काटकसरी आहे. दोन फेऱ्यांच्या कोट्यात चार झाल्या, तरी जीप अजून पळते आहे. मी हे रुपरावसमोर मुद्दाम बोललो: "सरकारी वस्तू कशी वापरावी ते भैयाजीकडून शिक." रुपराव मान खाली घालून ऐकत होता. ओशाळला असावा.

मनोरा मात्र शुक्रवारी पुन्हा पाच तास बंद पडला. कारण विचारलं तर म्हणतो, "इंजन दम सोडते साहेब."

दम सोडतं म्हणजे काय? मेकॅनिकला नेऊन दाखवलं, इंजिन ठणठणीत निघालं. केंद्राच्या कोट्यातलं डिझेल दर तीन-चार दिवसांनी खाप्याहून डब्यांत येतं. ते मध्येच संपतं की काय, ही शंका मी पहिल्याच दिवशी घेतली होती. म्हणून दर खेपेला वर पोचल्याबरोबर डब्यांत काठी घालून मोजतो. बरोबर असतं. यंत्र चांगलं, डिझेल हजर. राहिला माणूस. तर्कशास्त्र असंच चालतं. पहिला मेमो दिला.

११ जुलै, शुक्रवार

आज न कळवता गेलो. इंजिनखोलीत रॉकेलचा, मातीच्या तेलाचा वास येत होता. रुपरावला विचारलं तर म्हणाला, "सफाई केली साहेब." सफाईची आवड लागली, मेमोचा गुण. त्याच्या खोलीत कंदील कोरडा टांगलेला दिसला. एवढ्या अंधारात दिवा का लावत नाहीत, असं सुभद्राला विचारलं. ती उठून चुलीकडे गेली. खेड्यातल्या बायका साहेबांसमोर लाजतात.

२४ जुलै, गुरुवार

पुन्हा बंद. दुसरा मेमो.

खात्याचा नियम असा की तिसऱ्या मेमोला रोजंदारीचा माणूस कमी होतो. हे मी रुपरावला समजावून सांगितलं. माझा आवाज चढला नाही. उलट म्हणालो, "रुपराव, तुझं भलं व्हावं असं मलाही वाटतं." आणि ते खरंच आहे. माणूस निर्व्यसनी, हात स्वच्छ, बोलणं मोजकं. पण इंजिनाशी त्याचं काय बिनसलंय कळत नाही.

तो एवढंच म्हणाला, "साहेब, तुमी रोज रोज इतक्या दूर काहून तकलीफ घेता?"

मला भरून आलं. ज्याला मेमो द्यावा त्यानंच आपली काळजी करावी! त्याला म्हटलं, कर्तव्यापुढे तकलीफ कसली? येताना भैयाजीनं नेहमीप्रमाणे पाणी भरून घेतलं.

१८ ऑगस्ट, सोमवार

तीन आठवडे काविळीनं अंथरुणाला खिळलो होतो. ऊस खाल्ला, मंत्रवाला आणला गेला, सरकारी डॉक्टरही झाले. आज ऑफिसात गेल्यागेल्या चिचटेकडीचे कागद मागवले. या तीन आठवड्यांत सहा वेळा वीज गेली, एकदा तर सलग चौदा तास. मनोरा एकदाही बंद नाही!

दुसरा मेमो लागू पडला म्हणायचा. घरी सगळ्यांना सांगितलं. शामला म्हणाली, "तुम्ही गेला नाहीत, तरी चाललं की." बायकोला कारण आणि परिणाम एवढ्या बारकाईनं कळावं अशी अपेक्षा नाही. बापूजी नुसते हसले.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आज ही वही पहिल्यापासून वाचली आणि अंगावर काटा आला. मी टेकडीवर जातो आणि दुसऱ्या, फार तर तिसऱ्या दिवशी मनोरा बंद पडतो. एकदा नाही, दर वेळी. हा योगायोग नव्हे.

याचा अर्थ उघड आहे. काहीतरी बिघडणार असल्याचा सुगावा मला आधीच लागतो आणि पाय आपोआप तिकडे वळतात. काही वैद्यांना नाडी न धरता रोग कळतो म्हणतात. मला ही देणगी आहे हे चाळिशी उलटल्यावर कळावं! फक्त तिचा पुरता उपयोग होत नव्हता. सुगावा लागून मी जात होतो, पण पुरेशा वेळा जात नव्हतो. आता आठवड्यातून दोनदा जायचं.

३० ऑगस्ट, शनिवार

रात्री उशिरा लिहितो आहे.

गुरुवारी मी वर होतो. त्याआधी सोमवारीही होतो. आज पहाटे पाचला वीज गेली, अकराला बॅटऱ्या संपल्या, चारपर्यंत मनोरा मुका. नेमकं त्याच वेळी वरच्या माणसानं पाणी चढत असल्याचा निरोप दिला. तो टेकडीपर्यंत आला आणि तिथेच अडकला. खाली खाप्याला नदीच्या घाटावर धुणी चालू होती, तिथे पूर आला. कपडे गेले, दोन म्हशी गेल्या. तुळसाबाई नावाची म्हातारी परटीण दोन तास बाभळीला धरून पाण्यात उभी होती. नाववाल्यांनी काढली. जगली.

ती नसती जगली तर, हा विचार दुपारपासून जात नाही. साहेबांनी फोनवर एकच विचारलं, "तिसरा मेमो केव्हा देताय?"

देणार. यात मला आनंद नाही, हे या वहीला तरी माहीत असावं. तिसरा मेमो टाइप करून घेतला. टपालानं न पाठवता स्वतः नेऊन देणार आहे. नऊ वर्षं काम केलेल्या माणसाला तोंडावर सांगायला हवं.

९ सप्टेंबर, मंगळवार. पोळा

सुट्टी असूनही गेलो. रोज उद्यावर ढकलत होतो, आज मन घट्ट केलं. वाटेत गावोगाव बैल धुवून काढलेले, शिंगांना बेगड, पाठीवर झुली. मेमो खिशात होता.

वर पोचलो तर इंजिनखोलीचं दार सताड उघडं आणि आत इंजिनाला सजवलेलं! पत्र्यावर गेरूचे ठिपके, वर सुभद्राच्या जुन्या लुगड्याची झूल, चाकाला तेलहळद, आंब्याच्या पानांचं तोरण. समोर ताटात पुरणपोळी. सुभद्रा पदर डोक्यावर घेऊन ओवाळत होती.

मी ओरडलो, "हे काय चालवलंय? सरकारी यंत्र आहे हे!"

रुपराव म्हणाला, "साहेब, वाटण्या झाल्या तवा बैल भावाकडं गेले. माह्या घरी पोळ्याले पुजाले हेच हाये. नऊ सालापासून पुजतो. तुमाले चालत नसन तर काढून टाकतो."

सणाच्या दिवशी ताट उचलायला लावणं बरं दिसलं नसतं, म्हणून म्हटलं, होऊन जाऊ दे. मेमो पूजा झाल्यावर देऊ.

तेवढ्यात मागच्या दारानं भैयाजी डबा घेऊन आत आला, नेहमीसारखा. आम्ही सगळे तिथे उभे आहोत हे त्याला ठाऊक नसावं. सुभद्राचा हात ओवाळता ओवाळता थांबला. तिनं ताट खाली ठेवलं आणि ती सरळ माझ्याकडे वळली. इतक्या महिन्यांत तिचा आवाज मी पहिल्यांदा धड ऐकला.

"आज तरी सोडा साहेब. आज सण हाये त्याचा. पावसाळाभर त्याच्या तोंडचं काढून तुमच्या गाडीले पाजता, आन् मंग तो उठला नाही का आमाले कागद देता."

"कोणाच्या तोंडचं?" मी विचारलं. खरंच विचारलं.

भैयाजी डबा मागे लपवत होता. मी म्हणालो, "भैयाजी, पाणीच आहे ना ते?" मग स्वतः जाऊन डब्यात बोट घातलं आणि वास घेतला.

मी वर पोचलो की काठीनं डिझेल मोजायचो; तोवर नवे डबे आलेले असायचे, म्हणून ते बरोबरच असायचं. निघताना कधी मोजलं नव्हतं. दर फेरीला दहा-बारा लिटर माझ्या जीपमध्ये बसून नागपूरला जात होतं. ज्या इंजिनाची तपासणी करायला मी येत होतो, त्याच्याच पोटातलं घेऊन परत जात होतो. आणि मनोरा बंद पडला की जास्त वेळा येत होतो.

मी रुपरावला विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

तो गोंधळला. "साहेब, तुमीच तर म्हणत होते का भैयाजी लय काटकसरी हाये, त्याच्यापासून शिक. मले वाटलं तुमाले मालूम हाये. साहेब लोकायचं असंच राह्यते."

"आणि इंजिन कशावर चालवायचास?"

"घरी मातीचं तेल असन तं ते टाको. नसलं का बंद."

म्हणजे कंदील कोरडा होता, तो यासाठी. भैयाजी आता रडकुंडीला आला होता. "साहेब, पहिल्या खेपेले पंपावर डिझेल भेटलंच नवतं. मंग तुमी दर हप्त्याले चला म्हणे. दोन फेऱ्यांच्या डिझेलमंदी म्या कुठून चालवाची? नाही म्हणलं असतं तं दुसरा ड्रायव्हर आणला असता तुमी." तेही खरं होतं. आणला असता.

मला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. तुळसाबाईला बाभळीला मीच बांधून आलो होतो असं वाटत राहिलं. डबा परत इंजिनात ओतायला लावला. मेमो खिशातच राहिला. सुभद्रा पुरणपोळीचं पान वाढत होती, पण मला तिच्यासमोर बसवेना. जीप घाटाच्या उतारानं खाली आली आणि पायथ्याशी उभी राहिली. या खेपेला भैयाजीनं उतारावर इंजिन खरंच बंद ठेवलं होतं. खाप्यापर्यंत आम्ही दोघं पायी आलो. पुढे एस.टी.

१५ सप्टेंबर, सोमवार

अहवाल दिला. खंडाचं कारण या रकान्यात लिहिलं: "तपासणी अधिकाऱ्याच्या फेऱ्या."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "धकाते, असं कारण छापील यादीत नाही. वीजपुरवठा, बॅटरी, इंजिन, ऑपरेटर. यातलं एक निवडा."

"यातलं एकही खरं नाही साहेब."

मग सविस्तर सांगितलं. ते ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "म्हणजे ऑपरेटरनं केंद्राचं डिझेल परस्पर बाहेर दिलं. याला मेमोसुद्धा लागत नाही, आजच घरी जाईल तो. लेखी हुकूम होता त्याच्याकडे?"

खरं सांगून मी रुपरावला मेमोपेक्षा खोल खड्ड्यात ढकललं होतं. मी म्हणालो, "होता. माझा होता. प्रत उद्या आणून देतो."

१६ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी टाइपरायटरपाशी बसलो. "ऑपरेटर यांनी तपासणीच्या जीपसाठी केंद्रातील डिझेल द्यावे. हुकमावरून." खाली माझी सही आणि तारीख १९ जून. मागची तारीख घातलेला आयुष्यातला हा पहिला कागद. टाइप करताना एकही अक्षर चुकलं नाही, याचंच नवल वाटलं.

प्रतीवरची तारीख साहेबांनी दोनदा वाचली. त्यांना सगळं कळलं असावं. म्हणाले, "तुम्हाला टेकडीवरून काढावं लागेल. आवक-जावक विभागात बसा. तिथे फिरती नाही." मी आभार मानले.

बापूजींना सगळं सांगितलं. जून महिन्यातलं स्वतःचं बोलणं त्यांनी काढलं नाही. "जेव आधी," एवढंच म्हणाले.

१७ डिसेंबर, बुधवार

तीन महिन्यांत लिहिण्यासारखं काही नव्हतं. कागद येतात, मी शिक्के मारतो, कागद जातात.

आज ऑफिसात समारंभ झाला. अखंड सेवेची ढाल चिचटेकडी केंद्राला मिळाली. माझ्या जागी आलेल्या बबनरावांनी ती स्वीकारली. बबनरावांचे गुडघे धरलेले असल्यामुळे ते टेकडीवर एकदाही गेलेले नाहीत. भाषणात ते म्हणाले की हे यश सततच्या देखरेखीचं आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, त्यांना वाटल्या त्यापेक्षा जास्त मनापासून.

समारंभ संपल्यावर मी टेबलावर येऊन बसलो, तर समोर रुपराव. इस्त्रीचा सदरा, हातात कागद. कायम केल्याचा हुकूम होता. त्यावर जावक क्रमांक पडल्याशिवाय तो लागू होत नाही, आणि जावक क्रमांक मी घालतो.

मी रजिस्टर ओढलं. आकडा नीट काढला, शिक्का शाईवर दोनदा दाबला आणि कागदावर एकदाच, सरळ. आजची तारीख घातली, खरी. रुपराव बघत होता. कागद घडी करून त्यानं खिशात ठेवला, पण निघेना.

"काय रे?"

"साहेब, सुभद्रा म्हणे, पोळ्याले साहेबाले पुरणपोळी द्याची राहून गेली. एकडाव या टेकडीवर."

"येईन की," मी म्हणालो.

रुपराव दारापर्यंत गेला, थांबला, आणि संकोचानं मान वळवून म्हणाला, "पण साहेब, यष्टीनं येजा."